बेंजोची जागा

नाही हो बाई, कॅसेट बदलून देऊन काही फायदा नाही. दुसरी दिली तं तेही मधीच बंद पडन. तुमच्या आधी तिगावचे गुणवंताभाऊ येऊन गेले, त्याइच्या आधी तहसीलमधले एक बाबू — साऱ्याइची एकच तक्रार. गानं चालू राह्यते, मधीच आवाज जाते, न् मंग आपोआप वापस येते. तुमचा टेप चांगला आहे, मले मालूम आहे, मीच रिपेर केला होता उन्हाळ्यात. मालच खराब आहे. रघुनाथरावचा माल! — बसा न, उभ्या कायले? तो स्टूल घ्या. थांबा, त्याच्यावर बेंजोचा डबा आहे, काढतो मी. हे पाहा, हे आमच्या देवकाबाईचं काम — माह्या बायकोचं. सकाळीच हमालाच्या डोक्यावर देऊन पाठवला घरून. त्याले वाळवी लागून राहिली म्हने, दुकानात ऊन येते म्हने, ऊन दाखवा. इतकी वर्सं माळ्यावर पडून होता तेव्हा नाही आली वाळवी, न् आजच आली? एक तार तुटलेली, बटनं अडकलेली — कोन वाजवते आता ते? मी तं हातही लावत नाही.

सौसरची गाडी? लागली नाही अजून. मी इथूनच पाहून राहिलो न. तो पाहा ड्रायव्हर, चहा पिऊन राहिला, त्याचा चहा झाल्याबिगर गाडी हालत नाही, तुमी आरामात बसा. सासरे सौसरले राहतात होय तुमचे? अन् तुमी इथं शाळेत — बरं बरं, शनवारच्या शनवार जाता. मंग आज तं त्याइले कार्यक्रमाले न्यावं लागन तुमाले, रघुनाथरावच्या. तिथंच सौसरले, बाजाराच्या मैदानात मंडप टाकला आहे म्हनते. मले कसं मालूम? बाप्पा! साऱ्या पांढुर्ण्याले मालूम आहे, थो जीपवाला भोंगा घेऊन सकाळपासून बोंबलून राहिला — हे घ्या, नाव काढलं न् आला. ऐका. 'लोकशाहीर रघुनाथराव यांची आखरीची मैफल.' आखरीची! आता आखरीची म्हनते. मानसानं गपचूप थांबावं, भोंगा लावून कोनी थांबते का?

सासरे काय म्हनाले? नाही, कॅसेट खराब आहे ते सोडा, गान्याबद्दल काय म्हनाले? ... 'गळा बसला पन गानं खरं आहे'? असं म्हनाले? ... रडले? — जाऊ द्या, म्हातारे मानसं, त्याइले रडायले काय लागते. नाही, वाईट नका वाटून घेऊ, मी तुमच्या सासऱ्याइले नाही बोलून राहिलो. मी ऐकली? मी नाही ऐकली. दुकानात आली तशी कपाटात लावली, कोनी मागतली का द्यायची, बस्स. मले टाइम कुठं आहे? हे पाहा, तीन रेडू उघडे पडले आहेत, लाऊडस्पीकरचं एक मशीन आहे, वरतून देवकाबाई रोज घरी तेच वाजवून राहिली — मी आलो का बंद करते. मले काय समजत नाही? टेप गरम राह्यते न.

बरं, दुकानातल्या टेपवर लावून पाहू, पह्यले त्याच्या हेडावर, पट्टी घासते तिथं, कचरा असन तं पुसून घेतो. स्पिरिट कुठं गेलं... हं. पाहा बाई, कापूस असा लावायचा, घासायचं नाही, फक्त पुसायचं. घरीही करत जा. — रघुनाथरावले ओळखतो म्हनजे काय? तुमाले मालूम नाही? तुमी बाहेरच्या, तुमाले कसं मालूम असन. सासऱ्याइले विचारा. म्हना, रिपेरवाला तुळशीराम कोन होता. ते सांगतीन. रघुनाथराव न् तुळशीराम, एका श्वासात नाव घेत होते लोक, मधी थांबत नव्हते.

आमची दंडारीची पार्टी होती, बोरगावची. भगवंतराव म्होरक्या. दंडार मालूम आहे न — पोळा झाला का गावोगावी गाने, नाच, सोंगं, रातभर. ढोलकी, टाळ, तुनतुनं, एवढंच सामान. रघुनाथराव गाये न् मी बेंजो वाजवो, पन बेंजोचा आवाज केवढा? पहिल्या रांगेतल्या बायाइलेच ऐकू येये. मंग मी काय केलं — जुन्या हेडफोनातलं चुंबक न् कॉइल काढली, बेंजोच्या तारेखाली बसवली, वायर जोडली मशीनले, न् मशीनची वायर भोंग्याले. रामाकोना गावात पहिल्यांदा वाजवला. पहिली तार छेडली न् बाई, झाडावरचे बगळे उडून गेले! म्हातारे उठून उभे राह्यले, म्हने दंडारीत करंट सोडला ह्या पोट्ट्याइनं, देवाचं गानं बाटवलं. भगवंतराव काठी घेऊन माह्या अंगावर आला. न् जवान लोकं — जवान लोकं नाचले, बाप्पा, धोतराचे काष्टे सुटेपर्यंत नाचले. रघुनाथरावनं गानं थांबवलं नाही. काठी न् माह्या मधी उभा राहून गात राह्यला. तेव्हापासून मंग कोनी थांबवलं नाही आमाले. नागपूर, इटारसी, छिंदवाडा, सारीकडे. इथल्या गोटमारीच्या मेळ्यात, दोन गावं एकमेकाइले गोटे मारतात तिथं, भोंग्याले गोटा लागला, हा एवढा पोचा पडला, आवाज फाटून निघे, तं लोकाइले तोच आवडला! मंग पोचा नाही काढला आम्ही. आता पोरं इंग्लिश गिटार घेऊन जे करून राहिले न, ते आम्ही संत्र्याच्या पेटीवर बसून केलं.

नाही, खरोखर पेटीवर. मशीन पेटीवर राहे, न् एक पेटी रघुनाथरावच्या पायाखाली. कायले सांगू का? भोंगे राहत तोंड तिकडे करून, आमाले मागं काहीच ऐकू नाही ये, नुसता गलका. तं त्याची ओळ झाली का तो टाचेनं पेटीवर मारे — ठक. एक ठक मारला का समजायचं, आता तुळशीराम. मंग माहा बेंजो. मी सोडला का त्यानं धरायचं. लोकाइले तो ठक कधी ऐकू नाही गेला. तो माह्यासाठीच राहे. पायाच्या तळव्याले समजे मले, लाकडातून.

ड्रायव्हर उठला का? ... नाही. बिडी पेटवली. बसा.

मंग काय, मंग म्हातारे झालो, दुसरं काय. लोकाइले फिलमी पाहिजे होतं. रघुनाथरावची संत्र्याची बाग झाली, पोरं मोठी झाली, न् त्याले वाटलं आपुन नवं काही करू. नागपूरहून आनला एक विनायक म्हनून, कॅशिओवाला, बिजलीवर चालनारा बाजा. केस असे मानेवर. रामाकोन्यालेच, त्याच मैदानात, जिथं पहिली तार छेडली होती — माह्या जागी त्याचा कॅशिओ मांडला, न् मले म्हनते, 'तुळश्या, आज तू बस, आज तू ऐक.' ऐक! मी काय पावना होतो का ऐकाले? गानं चालू असतानीच डबा उचलला न् मंडपातून निंघालो. सारे लोक पाहून राहिले होते बाई. मी चालत रोडवर आलो. मागं तो कॅशिओ टीं टीं करून राहिला होता, माहेच सूर, माह्याच जागेवर, ना जीव ना काही. अजूनही... पानी पिता का? मी पितो जरा.

मंग मानूस पाठवला त्यानं. आमचा कवडू, ढोलकीवाला. म्हने राव बोलावून राहिले. मी म्हनलं, सांगजो तुह्या रावले, तुळशीराम मेला. असाच शब्द सांगजो, बदलू नको. न् कवडूनं तसाच सांगतला, तो तसाच मानूस आहे.

तुमाले त्याचा मतलब नाही समजनार. आमच्या पार्टीचा कायदा होता, भगवंतरावचा. पार्टीतला मानूस मेला तं तेरवीच्या आत त्याची जागा दुसऱ्याले द्यायची. मेलेल्याची वाट नाही पाहायची, भगवंतराव म्हने, त्यालेही तरास न् आपल्यालेही. पन मानूस जिता असन — बिमार असन, बायकोच्या गावी गेला असन, रुसला असन — तं त्याची जागा कोनी भरायची नाही. गानं त्याच्या जागेवर आलं का सारे चूप. त्याले वाजवाले जेवढा टाइम लागते तेवढा टाइम तसाच जाऊ द्यायचा, न् मंग पुढं. लोकं हसत, म्हनत गानं भुलले वाटते. भुलत नव्हतो बाई! कवडू टायफाइडनं दवाखान्यात होता तेव्हा सारा हंगाम त्याच्या जागेवर चूप राह्यलो आम्ही. न् एक दिवस बोरगावले, आम्ही असेच चूप झालो, तं मानसाइच्या मागून कोनी टाळ्या वाजवाले लागलं, बरोबर ढोलकीची थाप. पाह्यतो तं कवडू. अंगावर कांबळं, दाढी वाढलेली, उभंही राह्यता येत नव्हतं. आपली जागा भरून गेला! रघुनाथराव तिथंच रडला होता, गाता गाता.

तं म्हनून मी सांगून पाठवलं, मेला. मोकळा केला त्याले. घे बाबा, आता कायद्यानं जागा दे कोनालेही, कॅशिओले दे, माही काही हरकत नाही. मी काही मागं लागनारा मानूस नाही.

रघुनाथराव सोता आला होता न एक बार. इथंच, तुमी बसल्या तिथं. रेडू घेऊन आला. म्हने आवाज नाही येऊन राहिला. मी मांगचं झाकन काढलं, पाह्यलं, काहीच नव्हतं. सेल ताजे, तार बरोबर, बटन घुमवलं तं टनटन वाजून राहिला. मी म्हनलं, 'चांगला आहे.' तो म्हने, 'अजून पाहा.' मी म्हनलं, 'पाह्यला.' मंग उभा राह्यला.  मी दुसऱ्याचं मशीन उघडलं न् पेचकस घेऊन बसलो. ... तो बराच टाइम उभा होता बाई. मंग रेडू काखेत मारला न् गेला. बोरगावहून इथपर्यंत गाडीनं येऊन चांगला रेडू दाखवाले आला म्हातारा, आता सांगा, डोक्शात फरक पडला का नाही त्याच्या?

झालं, हेड साफ झालं. आना कॅसेट. — नाव पाहा न, 'बांधावरून'. फोटोही बांधावरच काढला. कोट कायले घातला त्यानं? कोट घालून कोन बांधावर बसते... कोनतं गानं, दुसरं? साऱ्याच गान्यात होते? साऱ्याच? — हे काही हेडाचं काम नाही मंग. लावतो.

... आवाज पाहा कसा झाला. बसलाच. पह्यले भोंग्याबिगर नदीच्या त्या काठाले जाये. ... तुनतुनं आहे नुसतं. कॅशिओ कुठं आहे? ... साऱ्या कॅसेटीत नाही? विनायकही नाही? ढोलकी? ... ढोलकीही नाही. एकटाच बसून गायला का मंग? असं कोन घेते आजकाल? म्हनून लोकं वापस आनून राहिले, बाजा ना काही, म्हाताऱ्याचा गळा न् तुनतुनं. चूप, ऐकू द्या...

'जू माह्या खांद्यावर, दुसरी बाजू खाली,
बैल माहा रुसला पाह्य, गाडी उभी राह्यली...'

बैल! मले बैल म्हनून राहिला! ऐकलं न तुमी? साऱ्या जिल्ह्यात वाजून राहिलं हे, न् मले बैल — हसू नका बाई. हसू नका, तुमी गुरुजी मानसं हसता न् इकडे —

हं. गेला आवाज. इथंच जाते म्हनता न? पाहा, बरोबर, पट्टी फिरून राहिली न् आवाज नाही. खराब. मी सांगतलंच होतं, भरतानीच खराब — आला वापस. थांबा, मागं घेतो. पट्टी कोरी असन तं नुसता सर्र आवाज येते, पावसासारखा, लगेच समजते. आवाज पूर्ण वाढवतो, कान झाका तुमी पाहिजे तं.

... सर्र नाही हे.

चिमण्या आहेत. ऐका, चिमण्या. न् हे कोन — गाय आहे कोनाची, घंटी वाजून राहिली. म्हनजे गानं भरायचं मशीन चालू होतं. आवाज गेला नाही. थो तिथंच बसला आहे. गाऊन नाही राहिला, पन आहे. श्वास आहे पाहा त्याचा. मंग गाऊन कायले नाही —

थांबा. मागं घेतो. तुमी बोलू नका.

... ठक.

ऐकलं? तुमी नाही ऐकलं. तुमाले नाही ऐकू येनार, इथं हात ठेवा, स्पीकरच्या डब्यावर, लाकडावर. बैल माहा रुसला, राह्यली — ठक. पाहा. ओळ सरली का ठक. पेटी आहे खाली. घरी बसून गायला, एकटा, न् पायाखाली पेटी घेतली त्यानं. न् मंग चूप. इथं माहा बेंजो — टीं नी नी... टीं नी... नी सा... टीं — न् आता धरन. धरलं! पाहा! बरोबर माहा सूर सरला तिथंच धरलं, ना मागं ना पुढं!

दुसरं गानं लावा. नाही, मीच लावतो, सरका. ... चाल नवी आहे ही, हे मी कधी वाजवलंच नाही, ह्याच्यात कुठून माही — ... ठक. ... ह्याच्यातही. ज्याच्यात मी नव्हतोच त्याच्यातही माही जागा ठेवली.

मी सांगून पाठवलं होतं न बाई. कवडूच्या तोंडून. शब्द बदलू नको म्हनलं होतं. मेला म्हनून सांगतलं होतं मी. त्याले कायदा मालूम नाही का? माह्यापेक्षा जास्त मालूम आहे. न् तरी त्यानं... साऱ्या कॅसेटभर. लोकं खराब म्हनून वापस आनून राहिले, कंपनीवालेही बोलले असतीन त्याले, म्हातारा भुलला म्हनून हसले असतीन. न् मी इथं बसून, मीच साऱ्याइले सांगून राहिलो माल खराब आहे, माल खराब आहे... मले समजू नये? मले?

काही नाही. स्पिरिट उडालं डोळ्यात.

देवकाबाईले समजलं पाहा. बाजाचं काही समजत नाही तिले, पन तिले समजलं. म्हने वाळवी! वाळवी लागली म्हने! काल रात्री जेवतानी विचारून राहिली, आज दुकान लवकर बंद करान का. मी म्हनलं कायले? म्हने, काही नाही, असंच.

काय? — हो, ड्रायव्हर चढला. घरघर चालू झाली, मले ऐकू येऊन राहिलं. उठा, उठा. कॅसेट घ्या तुमची, चांगली आहे. सासऱ्याइले म्हना खराब नाही, आवाज वाढवून ऐका, न् जिथं चूप होते तिथं... नाही, काही नका सांगू. ते जुने आहेत, आज रातच्याले मैदानात बसले का त्याइचं त्याइले समजन. नाही नाही, तो डबा राहू द्या, जड आहे, तुमाले नाही उचलनार, मी घेतो. एक तार नाही तं नाही. तीन आहेत. बटनं अडकतीन, अडकू द्या. हा पेचकस घेतो, न् हा तारेचा तुकडा, रस्त्यानं लावून घेईन. ... बाप्पा, हे तेल कोनी टाकलं बटनाइत? सारे मोकळे आहेत. देवकानं...

— हे रेडू? उद्या. मशीनवाला येईन तं येऊ द्या, शटर पाहून जाईन. पाय उचला बाई, बाहेर व्हा, मले ओढू द्या हे. अजून कायले पाहून राहिल्या माह्या तोंडाकडे? पळा न! कंडक्टरले हात दाखवा — म्हना थांब जरा, अजून एक मानूस यायचा आहे.